चाक माघारी आलं

१

सगळ्या मुकुंदवाडीनं ते चाक उलटं फिरताना पाहिलं होतं.

अकरा सेकंदांचा व्हिडिओ. गिरणीतल्या कॅमेऱ्यातून निघाला आणि दुपारपर्यंत गल्लीतल्या हरेक मोबाइलवर पोचला. त्यात रत्नमाला दिसते. डोक्याला रुमाल, पदर कंबरेला खोचलेला, भुवयांवर पीठ. मागच्या भिंतीला मोटर, मोटरवर चार आऱ्यांचं लोखंडी चाक, त्यावरून गिरणीकडं गेलेला रुंद पट्टा. ती चाकाकडं बघते. जरा थांबते. मग पट्टा घसरू नये म्हणून लावायच्या राळेचा खडा घेऊन पट्ट्याकडं हात नेते. तिथं व्हिडिओ संपतो. पुढचं कुणी पाठवलं नाही, एवढी लाज लोकांनी राखली.

पण त्या अकरा सेकंदांत चाक सावकाश, उलट्या दिशेनं फिरत होतं, हे लहान लेकरालाही दिसत होतं. मोटरच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी पळते, हे कुणीतरी जाणकारानं सांगितलं. आणि त्याच सकाळी मोटर जोडून कोण गेलं होतं? रत्नमालेचा पाठचा भाऊ, फुलंब्रीचा गोकुळ वायरमन.

उलट्या पट्ट्यानं तिचा हात आत ओढला, म्हणजे भावानंच बहिणीचा जीव घेतला, असं लोक बोलू लागले. आधी दबक्या आवाजात, मग चहाच्या टपरीवर मोठ्यानं.

आठव्या दिवशी गोकुळ स्वतःच ठाण्यात येऊन फौजदार करुणा साळवेंच्या टेबलासमोर उभा राहिला. तिशीचा गडी, पण खांदे म्हाताऱ्यासारखे उतरलेले.

"मॅडम, लिहून घ्या. तारा मीच उलट्या जोडल्या."

करुणानं पेन उचललं नाही. "तुला आठवतंय तसं?"

"आठवत नाय."

"मग?"

"व्हिडिओत दिसतंय की. माझ्या हातापेक्षा व्हिडिओ खरा."

"जोडून झाल्यावर मोटर चालवून बघितली नव्हतीस?"

"झटका दिला व्हता. चालू केली, लगेच बंद. चाक कुठल्या अंगाला जातंय तेवढं बघायला. मला तर सरळ दिसलं व्हतं, मॅडम." त्यानं आपले दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले, जणू जप्त करा म्हणून. "परवा दहावा हाय आक्काचा. आईनं निरोप धाडला, दहाव्याला येऊ नको. आलास तर मी उठून जाईन. तुम्ही मला आतच घ्या ना. मी आत असलो तर न जायला निदान कारण तरी राहील."

करुणानं त्याच्या हातांकडं पाहिलं. बोटांवर तारेचे जुने चटके, नखांत चिकटपट्टीचा काळा डिंक. एवढ्या सवयीचे हात चुकतात का? चुकतातही. पण चुकलेला माणूस आपली चूक आठवून रडतो. हा न आठवणाऱ्या चुकीसाठी रडत होता.

"घरी जा," ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत मला वेळ दे."

२

गिरणी म्हणजे लांबोडकं बोगद्यासारखं दुकान. शटरमधून आलेलं ऊन चार पावलं आत जाऊन थबकायचं. मागच्या भिंतीला दिवसाही दिवा लागे. डाव्या हाताला पिठाची गिरणी, उजव्या हाताला मिरचीचं कांडप. कांडप चालू झालं की शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नसे.

रत्नमालेचे सासरे रामकिसन पोत्यावर बसले होते. तेरा वर्षांमागं मुलगा गेला, तेव्हा त्यांनी सुनेला माहेरी पाठवलं नाही. गिरणीवर उभं केलं. जातं, दगड, पट्टा, सगळं शिकवलं. आता ते पुन्हा एकटे गिरणीकडं बघत बसले होते.

"काय बघायचं राह्यलं आता, बाई?" ते म्हणाले. "झालं ते झालं. मिटवून टाका. गोकुळला काय फाशी थोडीच देणार तुमी."

"तुम्हाला त्याचा राग नाही?"

"राग धरून काय करू? त्याच्या हातानं चूक झाली. रतन काय माघारी येतीय?"

आतल्या खोलीतून एकोणीस वर्षांची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. अपेक्षा, रत्नमालेची एकुलती एक लेक. महिन्यापूर्वीच चिकलठाण्याला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागलेली.

"मला हाय राग," ती उभ्या उभ्या म्हणाली. "मामाला दहा वेळा फोन केला आई मेल्यावर. उचलला नाय. चुकला नसता तर उचलला असता."

"आईला इथं काम करताना काही अडचण होती का, अपेक्षा?"

"दिसायचं नाय तिला हल्ली नीट. तुरीत खडा हाय का बघायला डाळ शटरपाशी नेऊन बघायची. म्हणून तर मी तिच्यासाठी..."

"अपे," म्हातारा एकदम म्हणाला, "बाईंना च्या सांग टपरीवर. जा."

मुलगी गेली. करुणानं म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो चपलेचा अंगठा नीट करत होता.

"हात का घातला असेल तिनं चालू पट्ट्यात? तेरा वर्षांची सवय असलेल्या बाईनं?"

"त्येच तर कळत नाय," रामकिसन म्हणाले. पण बोलताना त्यांनी चपलेवरून मान वर केली नाही.

बाहेर पडताना करुणाला शटरपाशी एक म्हातारी भेटली, डोक्यावर डबा, तोंडात मिश्री. आवडाबाई. गिरणी बंद आहे हे कळूनही सवयीनं आलेली.

"तुमीच का त्या पोलीसबाई? मग एक सांगते, लिवून घ्या. त्या दिवशी माझं दळण शेवटचं व्हतं. माझ्यानंतर रतननं कुणाचं दळलं नाय."

"गोकुळ येऊन गेल्यावर दळलं, की आधी?"

"गेल्यावर! तो गेला, मग तिनं गिरणी चालू केली, माझी पायली जवारी घातली. गाणं म्हणत व्हती, भावाचंच. त्या मशिनीच्या आवाजात ऐकू नाय येत, पण मी व्हटांवरनं वळखते तिची ओवी:

*भाऊ माझा वायरमन, जोडी तारेला गं तार,*
*त्याच्या हाताच्या उजेडी, उजळलं माझं घर.*

मी म्हणलं, अगं, भाऊ फुकट काम करून गेला म्हणून एवढी ओवी? तर हसली."

"आजी, पीठ कसं आलं होतं?"

"पीठ? मऊ लोण्यावाणी! मी त्याच्या भाकरी थापल्या बाई, आन् तेवढ्यात ही बातमी. घास उतरला नाय."

करुणा थबकली. ती आत वळून म्हणाली, "रामकिसनबाबा, गिरणीचा दगड उलटा फिरला तर पीठ कसं येतं?"

म्हाताऱ्यानं आधी दगडाकडं पाहिलं.

"भरड येतं," ते शेवटी म्हणाले. "दगडाला टाकी, म्हणजे छिन्नीनं पाडलेल्या खाचा, एकाच अंगानं असती. उलट्या दगडानं पीठ व्हत नाय."

३

म्हणजे गोकुळ गेल्यावर दगड सरळ फिरला होता. मग व्हिडिओतलं चाक?

शेजारच्या गाळ्यात सत्यमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गिरणीतला कॅमेरा त्यानंच बसवलेला, आणि तो व्हिडिओही त्यानंच पुढं ढकललेला. करुणाला बघून त्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला.

"मॅडम, मैंने सिर्फ दोन ग्रुपवर टाकला होता. खरंच."

"ते नंतर बघू. आता चल माझ्याबरोबर."

गिरणीत जाऊन तिनं रामकिसनना मोटर चालू करायला लावली. मागच्या भिंतीवर पिवळा बल्ब लोंबत होता. त्याच्या उजेडात चाक गरगरलं आणि आरे दिसेनासे झाले. नुसती करडी धुकट थाळी उरली. सरळ का उलटं, काही कळेना.

"आता तुझ्या कॅमेऱ्यात दाखव."

सत्यमनं मोबाइलवर कॅमेरा उघडला. तिथं त्याच चाकाचे चारही आरे स्पष्ट दिसत होते, आणि ते सावकाश उलटे चालले होते.

"अरेच्चा," सत्यम म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "हां... कॅमेरा म्हणजे एकामागं एक फोटोच की, मॅडम. सेकंदाला पंचवीस. दोन फोटोंच्या मधे चाक जवळजवळ पुरा फेरा मारतं, पण जरा कमी पडतं. पुढच्या फोटोत आणखी जरा कमी. म्हणून दिसतं असं की मागं चाललंय. पंखा असाच दिसतो मोबाइलात. आम्ही पोरं हसतो त्याला." त्यानं मोबाइल खाली घेतला. "मला माहीत होतं हो हे. पण त्या दिवशी डोक्यातच आलं नाही. मी तर टाकून मोकळा झालो."

"तुला आठवलं असतं तर गोकुळचे आठ दिवस वाचले असते," करुणा एवढंच बोलली.

गोकुळ सुटला होता. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रत्नमालेनं चाक कॅमेऱ्यातून पाहिलं नव्हतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. व्हिडिओत ती चाकाकडं बघते, थांबते, आणि मग निर्धास्त हात नेते. घाबरलेल्या किंवा गाफील बाईचा तो हात नव्हता. चाक थांबलंय अशी खात्री असलेल्या बाईचा होता.

ही खात्री तिला कुठून आली?

करुणानं सत्यमच्या मोबाइलवर तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि मान वर करून गिरणीकडं पाहिलं. पुन्हा व्हिडिओ. पुन्हा गिरणी.

व्हिडिओतली भिंत दुधासारखी पांढरी होती. समोरची भिंत पिवळी होती.

ती बल्बखाली गेली. गिरणीतल्या प्रत्येक वस्तूवर पिठाचा थर होता, बल्बवरही होता. पण बल्बच्या थरावर पाच बोटांचे ठसे होते, ताजे. आणि त्याच्या वर, भिंतीत, हातभर अंतरावर दोन भोकं. त्यांच्यात पिठाचा कणही नव्हता.

"सत्यम, इथं दुसरा दिवा होता?"

"होता ना, एलईडीची पट्टी. त्याच दिवशी सकाळी अपेक्षानं लावली. माझ्याकडचीच शिडी नेली होती."

"आणि काढली कुणी?"

सत्यमनं रामकिसनकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"संध्याकाळी आबांनी पुन्हा शिडी मागितली होती."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी करुणानं गोकुळला गिरणीत बोलावलं. अपेक्षा कामावर होती. शटर अर्धं ओढलेलं. रामकिसन न विचारता उठले, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी कापडात गुंडाळलेली पट्टी बाहेर काढली. झाडल्यावर तिच्यातून दाणे सांडले.

"लाव, गोकुळ," ते म्हणाले. "मला आता चढवत नाय."

गोकुळनं ती जोडली. पांढरा लख्ख उजेड पडला. मग करुणाच्या सांगण्यावरून त्यानं कांडप चालू केलं, त्याच्या गोंगाटात गिरणीची मोटर चालू केली, दगडात दाणा न टाकता.

कुणाच्या हातात कॅमेरा नव्हता. तरी तिघांनीही उघड्या डोळ्यांनी पाहिलं: चाक सावकाश, आळसावल्यासारखं, उलटं येत होतं. आरेसुद्धा मोजता येत होते. पट्टा गुळगुळीत, काळा. तो पळतोय की स्वस्थ आहे, काही कळत नव्हतं. आणि कांडपाच्या आवाजात कानाला काही ओळखू येत नव्हतं.

करुणानं दोन्ही यंत्रं बंद करायला लावली.

"हा स्वस्तातला दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो," ती म्हणाली. "आपल्या डोळ्याला ते कळत नाही. पण कॅमेऱ्यासारखंच होतं. दर उजेडाला एक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी जवळजवळ पोचतो, जरासा कमी. डोळा समजतो, चाक मागं येतंय. जुन्या बल्बची तार गरम राहते, ती मधे विझत नाही. म्हणून त्याच्याखाली हे कधी दिसलं नाही."

"पण उलटं दिसलं म्हणून आक्कानं हात का घालावा?" गोकुळनं विचारलं. "उलटं फिरतंय म्हणजे पण फिरतंयच की."

करुणा रामकिसनकडं वळली. "हे तुम्हीच सांगा, बाबा. चाक माघारी आलं की काय करायचं, असं शिकवलंत तिला?"

म्हातारा पोत्यावर बसला. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज कुणा लहान पोराला शिकवावं तसा मऊ होता.

"गिरणी बंद केली की चाक लगीच थांबत नाय. फिरतं, फिरतं, दमतं. मग ताणलेला पट्टा त्याला जरासं माघारी वढतो. पाव फेरा. लेक सासरी जाताना उंबऱ्यावरून एकदा मागं वळून बघती ना, तसं. मी रतनला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं: बाई, कानावर भरोसा ठेवू नको, कांडप चालू असतं. चाकाकडं बघ. चाक माघारी आलं की समज, थांबलं. मग हात घाल." त्यानं डोळे पुसले नाहीत. "तेरा वर्षं तिनं तसंच केलं. मोटरचं स्टार्टर सारखं पडायचं, मोटर आपसूक बंद व्हायची, म्हणून तर गोकुळला बोलावलं व्हतं. तिला वाटलं असंल, पुन्हा पडलं. पट्टा सुटत व्हता, राळ लावायची व्हती. तिनं चाकाकडं बघितलं. चाक माघारी येत व्हतं. तिनं माझं ऐकलं, बाई. दुसरं काय नाय केलं तिनं."

बाहेर रेल्वेची शिट्टी झाली, विरली.

"आणि तुम्हाला हे कधी कळलं?"

"त्याच घडीला. मी टपरीवरनं पळत आलो. रतन खाली... आन् चाक माघारी येत व्हतं, आन् मशीन तर घुरघुरतंय. मी बटण दाबलं तवा मोटर थांबली. तवा कळलं."

५

"आबा," गोकुळचा आवाज फाटला, "आठ दिवस! माझी आई मला दारात उभं करत नाय. मी विहिरीच्या काठावर दोनदा जाऊन बसलो. आन् तुमाला ठावं व्हतं?"

रामकिसननी मान खाली घातली नाही. शिक्षा ऐकणाऱ्यासारखे ते सरळ बसले होते.

"त्या दिवशी सकाळी," ते म्हणाले, "पोरगी शिडीवर चढली व्हती. पहिल्या पगाराची आणली व्हती तिनं ती पट्टी. रतन खालनं शिडी धरून व्हती. म्हणत व्हती, अगं पडशील. आन् अपी म्हणाली, आई, आता तुला खडा शोधायला शटरपाशी जायचं काम नाय. बटण दाबलं. रतननं तिची अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली. एवढ्या हसल्या दोघी..." त्यांनी पोत्यावरून हात फिरवला. "गेली ती गेली, म्हणलं. राहिलेल्या पोरीच्या गळ्यात हे बांधू कसं? आन् तेवढ्यात लोक तुझं नाव घ्यायला लागले. मी म्हणलं, गोकुळ बाप्या माणूस हाय. सोसंल. मी पापी हाय, गोकुळ. पण दुसऱ्यांदा इचारशील तरी असंच करीन."

गोकुळ भिंतीला टेकून खाली बसला. हात गुडघ्यांवर, मान मागं. त्या पांढऱ्या उजेडात त्याचा चेहरा मिनिटागणिक बदलत गेला. आधी राग होता. मग राग कुठं ठेवावा ते कळेना, असं झालं. आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक ती शिडी आली, आणि शिडी धरणारी आक्का.

"मॅडम," तो म्हणाला.

"बोल."

"चाक उलटंच फिरत व्हतं म्हणून लिवा."

करुणाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"मी कबूल केलंयच. तेच ठेवा. मला आता सवय झाली त्याची. ती पोर एकोणीस वर्षांची हाय. आठ दिवसांत मला काय काय झालं ते माझं मला माहीत. तिच्यानं नाय व्हायचं."

"आणि तुझी आई? उद्याचा दहावा?"

"आई माझीच हाय. तिला रागवायला कुणीतरी पायजेच." तो हसायचा प्रयत्न करत होता. "माझ्यावर रागावली तर निदान आज ना उद्या शिव्या द्यायला तरी बोलंल. नातीवर रागावली तर कुणाशी बोलंल?"

"दिवा विकत आणणं गुन्हा नाही, गोकुळ. मी तिचं नावही लिहिणार नाही. पट्ट्याला जाळी नव्हती आणि दिवा लुकलुकत होता, एवढं लिहीन. पण खोटं मी लिहिणार नाही."

"तुमच्या कागदात गुन्हा नसंल. तिच्या मनात असंल ना."

करुणानं सांडलेले दाणे पायानं बाजूला सारले.

शटरखालून सावली आत आली. वाकून अपेक्षा आत शिरली, हातात डबा, कंपनीचा निळा कोट तसाच अंगावर. दुपारची सुट्टी काढून आली असावी. आत मोटरपर्यंत आल्यावर मामाला बघून ती थांबली. मग तिची नजर वर गेली. पट्टीकडं.

"ही कुठं सापडली? आबा, तुम्ही तर म्हणाला, पोलीस घेऊन गेले..."

रामकिसन घाईनं उठले, दिव्याच्या बटणाकडं निघाले. पण ती मोटरच्या जवळ होती. का कोण जाणे, कदाचित सवयीनं, कदाचित म्हाताऱ्याची ती घाई बघून, तिनं स्वतःच मोटर चालू केली.

चाक माघारी येऊ लागलं.

ती गिरणीत वाढलेली मुलगी होती. चालायच्या आधी तिनं हे चाक पाहिलं होतं. आणि आबांचा तो शब्द तिला आईच्या तोंडून पाठ होता. करुणानं तिला काही सांगितलं नाही, कुणीच नाही सांगितलं. नुसतं चाक बघत ती उभी राहिली.

"अपे," गोकुळ उठत म्हणाला, "बाळा, तारा मी उलट्या जोडल्या व्हत्या. म्हणून तसं..."

"मामा." तिनं मोटर बंद केली. "मला शिकवू नका. आईनं आवडाबाईचं पीठ मऊ दळलं होतं. ती सगळीकडं सांगत फिरतीय."

गोकुळ उठता उठता परत भिंतीला टेकला.

"तुम्ही फोन उचलला नाय म्हणून मी तुम्हाला नावं ठेवली," ती म्हणाली, "उद्या तुम्ही दहाव्याला यायचं. आईचा भाऊ नसला तर कसं व्हायचं. आजीला मी सांगते."

"काय सांगशील आजीला?"

"दिवा कुणी आणला ते."

"नको गं," म्हातारा म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याला हुंदका फुटला.

अपेक्षानं डबा पोत्यावर ठेवला. तिचे हात मोकळे झाले आणि मग त्यांचं काय करावं ते तिला कळेना. गोकुळनं ते धरले. आठ दिवस जे हात त्यानं कुणाला लावले नव्हते, त्याच हातांनी.

"आपण दोघं जाऊ," तो म्हणाला. "तू एकटीनं नाय सांगायचं. मी तुझ्याशेजारी उभा राहीन. आधी मला बोलंल, मग तुला बोलंल. निम्मं निम्मं घेऊ."

ती त्याच्या खांद्यावर पडली तेव्हा तिच्या तोंडून एकच शब्द निघत होता, आई. ती कुणाला हाक मारत होती, मामाला कळलं नाही. त्यानं तिला ओ दिली.

करुणा शटरपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. गोकुळच्या गावाला, फुलंब्रीला जाणारी शेअर जीप कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवत होती, दोन माणसं कमी आहेत, दोन माणसं कमी आहेत, असं ड्रायव्हर ओरडत होता. आत कुणी उठलं नाही. तिनं बाहेर जाऊन त्याला थांबायला सांगितलं.